आजीचा तास

गाव, २० जुलै

मुन्ना,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. वागणूक सुधारली की एकदम पाठवीन.

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. तशी काही आशा असेल तर इथेच घडी घालून खिशात टाक आणि गॅरेजात जाऊन गाड्या दुरुस्त कर. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसतोस. घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास त्यालाही आता दोन दिवाळ्या होतील. म्हणून म्हटलं, कागदावर लिहू. कागदाला ब्लॉक करता येत नाही.

पाकिटावरचा पत्ता मी अरबीत घातलाय, तोही चांगल्या वळणदार अक्षरात. तुझा मालक विचारेल, हे कुणी लिहिलं? तेव्हा सांग, माझी थोरली बहीण चेतना, भारतात विद्यापीठात अरबी शिकवते. आणि हेही सांग, की ती शारजाला आली होती तेव्हा तिने चहा मागितला आणि आख्खं गॅरेज हसलं. "ताई, तू चाय मागून राहिली का बातम्या देऊन राहिली?" असं तू म्हणाला होतास. विसरले नाही मी. माझी अरबी पुस्तकातली, तुझी बाजारातली. मला हजार वर्षांपूर्वीच्या कवितेपासून आजच्या वर्तमानपत्रापर्यंत सगळं वाचता येतं, पण टॅक्सीवाल्याशी भांडता येत नाही. तुला भांडता येतं, पण दुकानाची पाटी वाचता येत नाही. एका मायची दोन लेकरं मिळून जेमतेम एक अरब होतो.

तर बातमी अशी, की मी वर्षाची अभ्यासरजा घेऊन गावी आलेय. मायसोबत राहते. संशोधनाचा विषय द्विभाषिक शिक्षण, म्हणजे घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेली पोरं शिकतात कशी. आमच्या विभागप्रमुखांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम, अरबी शिकवता शिकवता मधेच अर्जुनी-मोरगावचं खेडं कुठून आलं?" मी म्हटलं, सर, अरबीतूनच आलं. अरब पोरगं घरी एक अरबी बोलतं आणि शाळेत जाऊन पुस्तकातली दुसरी शिकतं. घरच्या बोलीला नाकं मुरडणारे मास्तर तिथेही आहेत. इतकी वर्षं वर्गात हे समजावून सांगताना मला सारखं वाटायचं, बाई, तू तुझ्याच गावची गोष्ट सांगतेयस. घरी "मी जाऊन राहिलो" आणि फळ्यावर "मी जात आहे".

फळ्यावरून तुला काय आठवलं ते मला ठाऊक आहे. मास्तरने तुला फळ्यापाशी उभं केलं, "जाऊन राहिलो" पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं आणि वर्ग हसत राहिला. तू कधी सांगितलं नाहीस, मायने सांगितलं. त्या मास्तरचा मला तुझ्याइतकाच राग आहे. पण मुन्ना, दोन दिवाळ्यांपूर्वी घरापुढच्या सपरीत उभा राहून तू मायला जे सांगितलंस ते काय वेगळं होतं? माय तुझ्या आचलला म्हणाली, "ये वं बाई, शिंगाडा खातेस का?" आणि तू म्हणालास, "माय, उससे हिंदी में बोलो. ये सब मत सिखाओ उसको." मायने शिंगाडा परत टोपलीत ठेवला. मी गप्प बसले नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तू बायकापोरीला घेऊन सासुरवाडीला, फुलचूरला निघून गेलास. मी तेव्हा जे बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

टीना रविवारी न चुकता फोन लावते. गुणाची आहे, तुला कशी मिळाली कोण जाणे. आचल पडद्यावर येऊन म्हणते, "हाय दादी." माय म्हणते, "हां बेटा, अच्छी हूँ." मग आचल हात हलवते, माय हात हलवते आणि फोन माझ्या हातात येतो. त्यानंतर माय सूप घेऊन तांदूळ निवडायला बसते. तांदूळ आधीच निवडलेला असतो.

मला दुसरं काही नको. त्या दोघी एकमेकींशी बोलायला हव्यात, एवढंच हवं. यंदा दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेला पोरीला घेऊन ये. फुलचूरला नाही, गावी.

नाइलाजाने तुझीच बहीण,
चेतना

गाव, १७ ऑगस्ट

मुन्ना,

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नव्हतेच. पोस्टमनला दोनदा विचारलं ते सहज.

धानाची रोवणी आटोपली, पोरं शाळेत परतली आणि माझं काम सुरू झालं. आपल्याच शाळेत, पहिलीच्या वर्गात. मुख्याध्यापिका पुष्पाबाई मॅडम हिमतीच्या आहेत, त्यांनी होकार दिला. करायचं एवढंच, की कुठलीही गोष्ट आधी आपल्या झाडीबोलीत सांगायची, बोलायची, तिच्यावर भांडायची आणि मग तीच पुस्तकातल्या मराठीत वाचायची. हे पालकसभेत सांगितलं तर सुशिलाबाई पदर खोचून उभी राहिली. "घरची बोली त घरी फुकटात भेटते. तेच शिकवाले पोट्टे साळेत कायले धाडाचे वं?"

मी म्हटलं, "काकू, पोराला पोहायला शिकवताना आधी काठाशी उतरवता का तलावाच्या मधोमध फेकता?"

"माह्या नवऱ्याले मधातच फेकलं होतं."

"मग?"

"आजपावतो पोहता नाही येत," ती म्हणाली आणि सगळी सभा हसली. शेवटी असं ठरलं, की थोडे दिवस पाहायचं. नाही जमलं तर मी माझ्या अरबस्तानात परत जायचं.

आता खरी गंमत ऐक. मी एक युक्ती काढली, 'आजीचा तास'. दर शनिवारी गावातल्या आज्यांनी वर्गात यायचं आणि घरी बोलतात तसं पोरांशी बोलायचं. पहिला मान मायचा. आदल्या दिवशी मी तिला बजावून सांगितलं, "माय, घरी बोलतेस तसंच बोल हं." "हो वं, मले का समजत नाही?" ती म्हणाली.

शनिवारी माय लग्नाकार्याचं जरीचं लुगडं नेसून आली. केसांना तेल, कपाळाला मोठं कुंकू. वर्गापुढे उभी राहिली, हात जोडले, घसा साफ केला आणि म्हणाली, "बालमित्रहो, आज मी आपणांस आपल्या गावच्या तलावाविषयी दोन शब्द सांगणार आहे."

मुन्ना, खरं सांगते, रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली बाई बोलते ना, हुबेहूब तसं. पोरांनी हाताच्या घड्या घातल्या आणि चेहरे दगडासारखे केले. मी खुणा करतेय, माय बघतच नाही. "सदर तलाव अतिशय प्राचीन असून" वगैरे चाललेलं. शेजारी सुमित्राबाई बसली होती, तिचा नंबर पुढचा. मी तिच्या कानात म्हटलं, "तुम्ही तरी आपल्या भाषेत बोला." तिने मान हलवली, उभी राहिली आणि सुरुवात केली, "बच्चों, एक गाँव में एक बुढ्ढी रहती थी."

चूक माझीच मानायची तर मान. आपल्या लोकांना शाळेत बोलावून आपली बोली बोला म्हणणं म्हणजे मोठंच काहीतरी मागणं. पाहुणा आला की हिंदी, साहेब आला की शुद्ध, आणि आपली बोली बैलांपुढे, चुलीपुढे आणि एकमेकांपुढे. शाळेची इज्जत राखायची म्हणून दोघी बिचाऱ्या घाम पुसत होत्या.

मग मायने रुबाबात प्रश्न विचारला, "सांगा पाहू, हा तलाव कोणी बांधला?"

पुढच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "शासनाने."

"सासनानं?" मायचा आवाज एकदम घरी आला. "काऊन वं पोरी, सासन का टोपले घेऊन आलं होतं का इथं? माह्या नवऱ्याच्या आजोबाच्या आजोबानं खोदला हा तलाव! मायाबायायनं डोक्यावर माती वाह्यली, तवा हे पाळ झाली! आन तू सासन म्हनतेस?"

पोरगी घाबरली नाही, उलट तिने विचारलं, "मंग पानी कुठून आनलं वं आजी?" झालं. घड्या सुटल्या, पोरं बाकांवरून उतरून मायच्या पायापाशी येऊन बसली. तलावाला मातीची पाळ कशी घातली, पहिल्या वर्षी ती कशी फुटली, मग पुन्हा कशी घातली, माय सांगतेय आणि पोरं मधे मधे तोंड घालतायत. घंटा झाली तरी कुणी उठेना. सुमित्राबाईनेही तिची बुढ्ढी हिंदीतून बाहेर काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

घरी येताना मी खुशीत होते. माय मात्र रस्ताभर हळहळत होती. "बिघडला वं माहा तास. सुरुवात किती चांगली झाली होती."

चेतना

गाव, १४ सप्टेंबर

मुन्ना,

तुझा मेसेज आला. "माय रेडिओसारखी बोलली? झूठ." दोन वर्षांत पहिलाच. मी मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आनखी का म्हनला?" मी म्हटलं, एवढंच. "मंग आनखी एक डाव वाच."

झूठ नाही. व्हिडिओ नाही, पण वर्गभर साक्षीदार आहेत. ये आणि विचार.

तास आता जोरात आहे. सुशिलाबाई परवा स्वतःहून आली आणि तिच्या नवऱ्याला तलावात फेकल्याची गोष्ट सांगून गेली. पोरांनी ती आधी आपल्या बोलीत सांगितली आणि मग पुष्पाबाईंच्या मदतीने पुस्तकी मराठीत फळ्यावर उतरवली. 'आजोबांना पाण्यात टाकण्यात आले' असं एकीने सुचवलं. पुष्पाबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. जी पोरं सुरुवातीला तोंड उघडत नव्हती ती आता गप्प बसत नाहीत, आणि हे मी विभागप्रमुखांना कळवलं तर ते म्हणतात, याला निष्कर्ष म्हणतात का? मी म्हटलं, सर, पहिलीच्या वर्गात याला निष्कर्षच म्हणतात.

रविवारी आचलने मला विचारलं, "बुआ, आपने अरबी क्यों सीखी?" शारजात राहणाऱ्या पोरीला हा प्रश्न पडावा हे बरोबरच आहे. मी तिला सांगितलं ते तुलाही सांगते, तू तेव्हा बाबूजींच्या खांद्यावर बसून रेवड्या खात होतास. महाशिवरात्रीला आपण आपल्या इकडच्या प्रतापगडला गेलो होतो. महादेवाचं दर्शन घेऊन दर्ग्यावर आलो. तिथे हिरव्या कापडावर सोनेरी अक्षरं होती. मी विचारलं, "बाबूजी, हे का लिवलं हाये?" बाबूजी म्हणाले, "मले का मालूम? तूच शिक आन मले सांग." पुढे मी खरंच शिकले आणि कॉलेजात असताना त्यांना पुन्हा तिथे घेऊन गेले. अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं लिवलं हाये." माझ्या अरबीचं इतकं चांगलं परीक्षण पुढे कुणी केलं नाही.

मायचं सध्या काहीतरी चाललंय. तिने शपथ घातलीय म्हणून सांगत नाही. सकाळी चुलीपुढे ती एकटीच पुटपुटत असते आणि कुणी आत आलं की भाताचं झाकण उघडून बघितल्याचं सोंग करते. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. चुकलं की मला रागावते, चूक तिची असली तरी.

चेतना

गाव, १२ ऑक्टोबर

मुन्ना,

"दिवाली को आ रहे हैं. फुलचूर में ही रुकेंगे. गाव जमणार नाही, आचलची शाळा बुडते."

वा रे वा! शारजाहून फुलचूरपर्यंत शाळा बुडत नाही आणि फुलचूरहून गावापर्यंत बुडते? हा हिशोब तुला त्या मास्तरनेच शिकवला असणार.

मी फार चिडले आहे. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, आधीची दोन चुलीत गेली आणि त्यांवर चहा झाला. तुला कशाची भीती वाटते ते मला कळतं. तुझ्या पोरीला कुणी फळ्यापाशी उभं करून हसू नये, एवढंच ना? पण त्यासाठी तू तिच्यापासून माणूसच लपवून ठेवलंस. आजी हिंदीत 'अच्छी हूँ' म्हणते तेव्हा त्यात आजी नसतेच रे. ती त्या वर्गातल्या पहिल्या दहा मिनिटांसारखी हात जोडून उभी असते.

तुझा मेसेज मायला वाचून दाखवला. मला वाटलं, ती सूप घेऊन बसेल. ती म्हणाली, "येईल तो. मंडईले का कोनी घरी बसते?" आणि शिंगाडेवाल्याला निरोप धाडायला गेली. तिची ही खात्री मला बघवत नाही.

म्हणून एक तोड सुचवते. एकच दिवस ये. सकाळी यायचं, संध्याकाळी फुलचूरला परत. मी तोंडातून शब्द काढणार नाही. काढला तर शारजाला येईन आणि तुझ्या गॅरेजात सगळ्यांसमोर पुन्हा चहा मागीन.

मला तुझी आठवण येते. लिहिलं एकदाचं.

चेतना

गाव, १६ नोव्हेंबर

चिरंजीव मुन्ना यास,

साठवून ठेवलेले सगळे आशीर्वाद. मोजून घे, काही कमी पडले तर सांग.

सुखरूप पोचल्याचं टीनाने कळवलं. घर रिकामं वाटतं. सपरीत आचलची एक चप्पल राहिली आहे, माय ती रोज झटकून पुन्हा तिथेच ठेवते. एक दिवसासाठी आलेला माणूस चार दिवस राहतो आणि जाताना चप्पल विसरतो, याला काय म्हणावं?

आता तू जे पाहिलं नाहीस ते लिहिते. मंडईच्या गर्दीत तुझी गाडी अडकली. तू टीनाला आणि आचलला तलावाच्या पाळीवर उतरवलंस आणि गाडी मागे घ्यायला गेलास. माय पाळीवरच उभी होती, तेच जरीचं लुगडं. मी ओळखलं, आता काय होणार ते. तिने केसांवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि आचलला म्हणाली, "कैफ हालुकि या बुनय्यती? अना जद्दतुकि."

म्हणजे, कशी आहेस बाळे, मी तुझी आजी. चुलीपुढे पुटपुटायची ते हेच. सप्टेंबरात तिने मला धरून बसवलं होतं. "पोरगी माह्याकडं येत नाही, त मीच जातो तिच्याकडं. शिकव." मला जी येते ती पुस्तकातली अरबी मी शिकवली. एवढ्या वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नाही. गृहपाठ स्वतः मागायची.

आचलने तोंड उघडलं ते मिटेचना. मग ती ओरडली, "ममा! दादी कार्टून जैसे बोलती है!" आणि हसत हसत पाळीवर बसलीच. तिथली कार्टूनं पुस्तकातल्या अरबीत बोलतात, हे मला माहीत असायला हवं होतं. मायने माझ्याकडे पाहिलं. "काऊन हासून राहिली वं? चुकलं का?" मी म्हटलं, "नाही माय, तिच्या कार्टूनमधली राणी अशी बोलते." माय म्हणाली, "रानी? मंग ठीक हाये."

आणि पोरगी सुटली. आजीला अरबी येते म्हटल्यावर ती कशाला थांबते! शिंगाड्यांच्या टोपलीकडे बोट, तलावाकडे बोट, दंडार नाचणाऱ्यांकडे बोट, आणि भरभर भरभर बाजारातली अरबी, तुझी. माय "नअम, नअम" म्हणत राहिली, म्हणजे हो, हो. मग तिचे धडे संपले आणि ती माझ्याकडे वळली, "सांग ना वं, का म्हनते?" मी विद्यापीठातली प्राध्यापक, मला अर्धंही कळत नव्हतं. म्हटलं, "माय, तिला जरा हळू बोलायला सांग." त्यावर ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मंग पगार कायचा घेतेस?"

तेवढ्यात तू किल्ल्या फिरवत आलास. पुढचं तू पाहिलंस, पण तुझा चेहरा तुला दिसला नाही म्हणून लिहिते. तू मायला म्हणालास, "माय, वो पूछ रही है कि..."

"मले हिंदी नाही समजत," माय म्हणाली.

मुन्ना, ही बाई रोज संध्याकाळी दोन हिंदी मालिका पाहते. गोंदियाच्या बाजारात कापडवाल्याला हिंदीतून रडवते. तू तिच्याकडे बघत राहिलास. मग माझ्याकडे पाहिलंस. मी शब्द काढणार नव्हते, मी तलाव पाहत होते. टीनाने तोंडाला पदर लावला होता. आणि तू लहानपणी खोटं पकडलं गेलं की खाजवायचास तसा कान खाजवलास आणि म्हणालास, "विचारून राहिली, माय, का शिंगाड्याले शिंगं काऊन हायेत म्हनून."

"तिले सांग, बैलाच्या सोयऱ्यातला हाये."

ते तू अरबीत सांगितलंस. आचल खदखदून हसली आणि पुढचा प्रश्न तयार. मग काय, दिवसभर तेच. जिलबीच्या दुकानापुढे, दंडारीच्या गर्दीत, आकाशपाळण्याखाली, तू मधे उभा आणि एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला लेक. थोड्या वेळाने तुला ध्यानातच राहिलं नाही. बांगडीवाल्याशी भाव केलास तोही आपल्या बोलीत. आचलने तुझा हात धरून विचारलं, "बाबा, आप ये कब सीखे?" तू काय उत्तर दिलंस ते ढोलकीत ऐकू आलं नाही.

मी शब्दही बोलले नाही, याची नोंद घ्यावी.

माय आता म्हणते, रानीची अरबी पुरे, बाजारातली शिकव. मला येत नाही म्हटलं. "मंग मुन्नाले सांगतो, तोच शिकवंल," ती म्हणाली. तेव्हा रविवारी फोनवर हजर राहा, मास्तर.

तुझी,
चेतना

शारजा, २४ फेब्रुवारी

ताई,

मले बी लिवता येते. अक्षर खराब हाये, हासू नोको. लय वरसानं पेन धरला.

गेल्या हप्त्यात आचलच्या शाळेत मातृभाषेचा कार्यक्रम होता. हर पोरानं आपल्या घरच्या भाषेत कायतरी बोलाचं. टीनानं हिंदी कविता पाठ करून घेतली होती. मायबापायसाठी मांगं खुर्च्या मांडल्या होत्या, मी बी सुट्टी घेऊन गेलो होतो. आचलचा नंबर आला. पोरगी पुढं गेली आन फळ्यापाशी उभी राहिली.

ताई, मले वाटलं, उठून बाहेर निंगून जावं.

तिनं कविता म्हनलीच नाही. हात जोडले, आन म्हने, "आमच्या गावचा तलाव सासनानं नाही खोदला. माह्या आजोबाच्या आजोबाच्या आजोबानं खोदला. मायाबायायनं डोक्यावर माती वाह्यली." एक आजोबा जास्त झाला का कमी झाला ते मायले विचारजो. रविवारच्या फोनवर दोघीयचं हेच चालते. मले वाटे, पोरगी नुसती आयकून राहिली. टीचरनं विचारलं, हे कोनती भाषा? त म्हने, आमच्या घरची. मंग पोरायले समजलं नाही म्हनून तिनं अरबीत सांगितलं, मंग इंग्रजीत सांगितलं. एका सुदानच्या पोरानं विचारलं, तलावात मासोऱ्या हायेत का? एकीनं विचारलं, पाहाले येऊ का?

मी मांगं बसून एकेका पोराचं तोंड पाहून राहिलो होतो, कोनी हासते का म्हनून. कोनीच हासलं नाही, ताई. टाळ्या वाजवल्या.

मंग मी बाहेर येऊन गाडीत बसलो, गाडी सुरू केली, पन हालवली नाही. टीना म्हनली, काय झालं? मी म्हनलो, काही नाही, गाडी गरम होऊ दे.

मालक तुह्या पाकिटावरचं अक्षर सांभाळून ठेवते. विचारून राहिला, बहीन गॅरेजची पाटी लिवून देईल का? म्हनलो, देईल, पन चाय तुमाले पाजा लागंल अन् कोनी हासाचं नाही.

हे पत्र पोचाले वेळ लागंल म्हनून फोटो काढून तुले आताच पाठवतो. वाचून झालं का मायले आवाज दे. मी फोन करून राहिलो.

मुन्ना